फिशटँकवरचा नवा चरा

आधीच सांगतो, भुताखेतांच्या गोष्टींवर मी हसणारा माणूस. कंपनीत कोणी म्हणालं, गोडाऊनमध्ये बाई दिसते, की मी विचारायचो — तिला तरी ओव्हरटाइम देतात का?

आम्ही मूळचे पारोळ्याकडचे. आता सिल्वासाजवळ नरोलीला चाळीत एक खोली. मी आणि बायको सुनीता, दोघंही खडोलीत धाग्याच्या कंपनीत. तिची दिवसपाळी तर माझी रात्रपाळी, म्हणून मुलगी दिव्या गावी माझ्या आईकडे. दिवाळीला येते आणि सुनीताला 'तुम्ही' म्हणते. पोटच्या पोरीनं आईला अहो-जाहो करावं, याहून अमानवीय काय असतं मला माहीत नाही... पण सांगायचंय ते वेगळंच.

गणपतीच्या सुमारास जवळच्या सामरवरणीतलं एक कुटुंब खोली सोडून गावी चाललं होतं. जाताना सगळेच सामान विकतात, तसा त्यांनी फिशटँक काढला, लोखंडी स्टँडसकट. मासे बघून दिव्या इथे रमली तर एकानं नोकरी सोडायची, असं आमचं ठरलं होतं. म्हणून घेतला. कोपऱ्याशी काचेवर बाहेरून आडवे चरे होते, एकावर एक.

"चाळीचा शेठ भिंतीले पेन्सिलबी लावू देत नाही ना भाऊ," तो माणूस म्हणाला. "म्हनून पोरीची उंची काचेवर खिळ्यानं मारायचो."

शेठला भिंत प्यारी. असो.

थोड्याच दिवसांत सगळ्यात वरच्या चऱ्याच्याही वर आणखी एक दिसला. पांढरा, ताजा.

"तुमीच मारला ना?" सुनीता म्हणाली.

"मला दुसरी कामं नाहीत?"

"मंग मी मारला? मले काय याड लागलं?"

आमचं बोलणं बंद झालं. शेवटी मी टँक रिकामा केला, फिरवला आणि तो कोपरा भिंतीला घट्ट टेकवला. बोटसुद्धा जाणार नाही इतका.

दिवाळीच्या साफसफाईला टँक पुढे ओढला, तर अजून एक चरा! मग टँक तसाच पुढे राहू दिला.

दिव्या आली. मासे बघितले, कंटाळली. आणि सहज त्या कोपऱ्याला पाठ टेकून उभी राहिली. सुनीतानं माझा दंड गच्च धरला. वरचा चरा पोरीच्या डोक्याला बरोबर टेकला होता, केसभरही इकडेतिकडे नाही.

भाऊबीज झाली तशी ती सुनीताला म्हणाली, "तुम्ही मला पोचवून द्या ना. आई वाट बघत असेल." आई म्हणजे माझी आई. दिली पोचवून. सुनीता बसमध्ये परतताना सगळा रस्ता रडली.

संक्रांतीनंतर पुन्हा नवा चरा. मी गावी फोन लावून विचारलं, दिव्या उंच झाली का?

"हो ना रे, दिवाळीचा फ्रॉक आताच आखूड झाला," आई म्हणाली. "तुले कोनी सांगितलं?"

रेंज नाही म्हणत मी फोन ठेवला.

हे कोण करतं, कसं करतं, मला आजही कळलेलं नाही. सुनीता टँकपुढे दिवा लावते, मी शिव्या घालतो. आमच्या पोरीच्या वाढीवर कुणाचं तरी लक्ष आहे आणि ते आमचं नाही, एवढंच खरं. वर काच आता चार बोटं उरलीय. ती संपली की पोर किती वाढली ते आम्हाला कोण सांगणार?