धुरपताबाईंची उर्दू वही

धुरपताबाईंची आणि माझी पहिली ओळख झाली ती त्यांनी मला चार माणसांदेखत अडवले तेव्हा. हैदराबाद संस्थानाच्या विलीनीकरणाला थोडेच महिने झाले होते आणि पुण्याहून मी परभणीकडच्या एका दवाखान्यात सर्जन म्हणून नुकताच रुजू झालो होतो. पहिले ऑपरेशन आटोपून मी पेशंटला खाटेवर हलवायला सांगितले, तोच तिथल्या हेड नर्स असलेल्या या बाई स्ट्रेचरपुढे येऊन उभ्या राहिल्या. "साहेब, जरा दम धरा. आत्ता हलवलं की त्यो ओकायलाच लागतो." मी अर्थातच दम धरला नाही, आणि पेशंट खाटेपर्यंत पोहोचायच्या आत माझ्या नव्या बुटांवर ओकला. बाई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर मी त्यांना लवकर माफ केले असते.

गौरवलेखात हेव्याची भाषा शोभत नाही हे मला कळते. पण बाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या अंकासाठी लेख मागताना संपादकांनी लिहिले, "शस्त्रक्रियेनंतरची उलटी टाळण्याचे संशोधन आपले, त्यात बाईंचे साहाय्य कसे झाले, ते लिहावे." हे वाक्य खोटे आहे आणि ते माझ्यामुळे पसरले आहे. ते आज दुरुस्त करायचे आहे. ते करताना माझा बाईंबद्दलचा हेवा लपवत बसलो, तर आदरही खोटा वाटेल.

त्या वेळी आम्ही तोंडावर जाळी ठेवून ईथरचे थेंब टाकत असू. शुद्धीवर येताना पेशंटला उमासे येत आणि कधी कधी त्या जोराने टाके सुटत. देवगाव फाट्याकडच्या एका शेतकऱ्याचे हर्नियाचे टाके असेच तुटले. दुसऱ्यांदा टेबलावर घेताना त्याने हात जोडले. "टाके घाला साहेब, पर त्यो वास नगं." त्या दिवशी मी ठरवले की याच्यावर उपाय काढायचा. आगबोटीत मळमळू नये म्हणून निघालेल्या गोळ्या मुंबईहून मागवल्या, रकाने आखून तक्ते केले. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मी स्वतः प्रत्येकाला विचारी, "काही खाल्लंत का?" प्रत्येकजण म्हणे, "न्हाई जी." गोळी घेतलेले ओकत, न घेतलेलेही ओकत, आणि दोन्हींतले काहीजण ओकत नसत. वर्ष गेले, तक्त्यांतून काही निघेना. मला औरंगाबादच्या डॉक्टरांच्या परिषदेत निबंध वाचायचा होता. खरे सांगायचे तर मी मराठवाड्यात जाऊन वाया गेलो नाही, हे पुण्याच्या मित्रांना ऐकवायचे होते.

बाई पेशंटला काही विचारत नसत. आवारात नातेवाईक तीन दगडांच्या चुली मांडून स्वयंपाक करीत, त्या चुलींपाशी जाऊन त्या बसत. भाकरी थापायला मदत करीत, कुणाचे मूल मांडीवर घेत. तिथे कुणी म्हातारी सहज सांगून जाई, "रिकाम्या पोटी लेकराला चाकूखाली कसं घालावं, बाई? चतकोर भाकर दिली निस्ती, दुधात कुस्करून." दुसरीने पोखर्णीच्या नरसिंहाचे चार पेढे भरवलेले असत, आणि प्रसादाला खाणे म्हणतात हे तिच्या गावीही नसे. बाई येऊन हे सगळे एका वहीत लिहीत. त्यांचे नर्सिंगचे शिक्षण हैदराबादला झालेले, म्हणून वही उर्दूत. ती ईथरच्या कपाटावर पडलेली असे. मला वाटे, चादरींची नोंद असेल. मला उर्दू येत नव्हते आणि न येण्याचा थोडा अभिमानही होता. निजाम गेला, आता त्याची लिपी कशाला शिकायची, असा माझा ताठा. हाताच्या अंतरावर उत्तर होते आणि मी मुंबईहून गोळ्या मागवत होतो.

एके दुपारी वैतागून मी तक्ते टेबलावर आपटले. बाईंनी शांतपणे वही आणली आणि एकेका पेशंटचे नाव घेऊन वाचून दाखवू लागल्या. सकाळी चोरून खाल्लेले बहुतेक सगळे ओकले होते. पण भीतीने दोन-दोन दिवस पोटात काही न घेतलेलेही ओकले होते. "तुमी त्यायला इचारायलाव, साहेब. त्ये तुमाला भिऊन न्हाईच म्हननार," त्या म्हणाल्या. हे सुचले कुठून, असे मी विचारले. चुडाव्याला त्यांच्या भावांची मेंढरे होती. लोकर कातरायच्या आदल्या सांजेपासून मेंढीला चारत नाहीत, कारण भरल्या पोटी उताणी पाडली तर ती गुदमरते. "आन् लय उपाशी ठिवली तर मान टाकती," बाई म्हणाल्या. मी परदेशी मासिके वाचून जिथे पोहोचलो नव्हतो, तिथे त्या भावांच्या मेंढवाड्यावरून पोहोचल्या होत्या. मला त्या दिवशी जेवण गेले नाही.

पुढे आम्ही त्यांच्याच रीतीने चाललो. आदल्या संध्याकाळी ज्वारीची पातळ पेज, मग काही नाही. ऑपरेशननंतर कुशीवर निजवून तासभर हलवायचे नाही, फक्त ओठ ओले करायचे. चार-सहा महिन्यांनी वॉर्ड झाडणारी बाई म्हणाली, "आजकाल बादल्या कोरड्याच ऱ्हायलात." गोळ्यांची बाटली मी गुपचूप कपाटात मागे सारली.

माझ्या पत्नीचे ऑपरेशन ठरले तेव्हा मी आईला तीनतीनदा बजावले होते. आईनेही डोळ्याला डोळा भिडवून सांगितले की सूनबाई उपाशी आहे. बाई सकाळी आमच्या स्वयंपाकघरात आईशी दोन शब्द बोलून बाहेर आल्या. "आज नगं साहेब, उद्या घेऊ. वाटीभर शिरा झालाय." आईला त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत, उलट दिवसभर तिच्याजवळ बसल्या. दुसऱ्या दिवशी पत्नी शुद्धीवर आली तेव्हा तिला साधी मळमळही झाली नाही. माझ्याच घरातले खरे मला बाईंकडून कळले, याचा राग मी बरेच दिवस बाळगला.

आता निबंधाविषयी. बाईंनी एका निवृत्त मुनशींकडून वही मराठीत उतरवून घेतली आणि परिषदेच्या आदल्या दिवशी मला दिली. पहिल्या पानावर होते, "डॉक्टरसाहेबांच्या सांगण्यावरून ठेवलेल्या नोंदी." मी असे कधीच सांगितले नव्हते. औरंगाबादला माझी पाळी यायला अवकाश होता, खिशात पेन होते, एक ओळ खोडायची होती. मी ती खोडली नाही. त्या ओळीसकट निबंध वाचून झाल्यावर टाळ्या पडल्या, पुण्याचे मित्र पाठ थोपटायला आले. परत येऊन मी बाईंवरच चिडलो, माझे नाव का घातलेत म्हणून. त्या पट्ट्या गुंडाळत होत्या. म्हणाल्या, "माज्या नावानं कोन ऐकलं असतं, साहेब? आता चार दवाखान्यांत मान्सं ओकायची थांबतेल. बास की."

त्या दिवसापर्यंत मला त्यांच्या नजरेचा हेवा वाटे. तेव्हापासून वाटतो तो याचा, की एवढी मोठी गोष्ट त्यांनी सहज देऊन टाकली आणि मला ती परत करायला इतकी वर्षे लागली. संपादकांनी हे छापावे: संशोधन धुरपताबाईंचे होते. मी त्यांचा मदतनीस होतो, आणि तोही फारसा चांगला नव्हे.

बाईंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. निदान इतके तरी, की मला त्यांचा हेवा वाटेनासा होईल. माझ्या अंदाजाने त्यासाठी त्यांना शंभरी ओलांडावी लागेल.