शकूच्या गुडघ्यावरची खपली

डॉक्टरांनी पाण्याचा पेला शकूच्या ओठांपाशी नेला आणि माझ्या साडेतीन वर्षांच्या लेकीचा घसा आपोआप आवळला गेला. पाणी अजून तोंडात गेलंही नव्हतं. तिने मान मागे टाकली, हात झाडले. डॉक्टरांनी पेला खाली ठेवला आणि विचारलं, "बाई, हिला कुत्रा चावला होता का?"

"नाही. थोरल्याला चावला होता, त्याला चौदा इंजेक्शनं दिली. हिच्या अंगावर दात लागलेला नाही. मी स्वतः बघितलंय."

"चाटला होता का?"

मी शकूच्या गुडघ्याकडे बघितलं. तेवढ्यावरून ते समजले.

"ह्याला हायड्रोफोबिया म्हणतात," ते म्हणाले. म्हणजे पाण्याची धास्ती. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेतून रेबीजचं विष अंगात जातं आणि नसांमधून मेंदूपर्यंत चढतं. मग घसा पाणी घेत नाही. "आणि एकदा हे दिसलं, की आमच्या हातात काही राहत नाही."

हे सगळं कागदावर उतरवायला मला दोन वर्षं लागली. ज्यांच्या घरी लहान मूल आहे आणि दारात कुत्रा आहे, त्यांनी वाचावं म्हणून लिहिते आहे.

आमचं गाव चाकणपासून कोसभर. कांद्याच्या राखणीला सासऱ्यांनी धनगराकडून एक पिल्लू आणलं होतं. बघता बघता ते वासराएवढं झालं. नाव सरदार. परक्याला वेशीतून आत येऊ देत नसे, पण शकूसमोर अगदी गरीब. त्याची शेपटी धरून ती चालायला शिकली. दुपारी त्याच्या पोटावर डोकं ठेवून झोपायची, आणि ती उठेपर्यंत तो माश्यासुद्धा हाकलत नसे. आल्यागेल्याला आम्ही कौतुकाने दाखवायचो. मीच सगळ्यात पुढे.

त्या उन्हाळ्यात शकू खळ्यात पडली. गुडघा फुटला, खपली धरेना. सरदार रोज येऊन तो गुडघा चाटायचा.

सासूबाई म्हणाल्या, "चाटू दे गं. कुत्र्याच्या जिभंला औषध आसतंय."

आमच्याकडे सगळेच असं मानतात. त्यांना मी दोष देत नाही. मी सातवीच्या फायनलपर्यंत शिकलेली, म्हणजे घरातली शहाणी. ह्या शहाणीनेच शकूचा पाय धरून त्याच्यापुढे केला होता. शकूला गुदगुल्या व्हायच्या. "आये, सरदार हसिवतोय बघ," म्हणायची.

आठवड्याभरात सरदारने खाणं टाकलं. तोंडातून लाळ गळू लागली, आवाज घोगरा झाला. भाकरी टाकायला गेलेल्या दत्तूचा, माझ्या सात वर्षांच्या थोरल्याचा, त्याने हात फोडला. तिसऱ्या दिवशी सरदार मेला.

पिंपरीला नवा औषधाचा कारखाना उभा राहत होता, तिथे हे गवंडीकामाला होते. निरोप मिळताच आले आणि आम्हाला पुण्याला घेऊन गेले. चौदा दिवस आम्ही माझ्या मावशीकडे राहिलो. रोज सकाळी सरकारी दवाखान्यातलं तेच बाक, तोच स्पिरिटचा वास. इंजेक्शन पोटात द्यायचे. दत्तू ओरडायचा.

आणि शकू माझ्या कडेवर असायची. चौदाच्या चौदा दिवस. सुई काढली की वाकून दादाच्या पोटावर फुंकर घालायची.

पहिल्याच दिवशी तिथल्या कंपाउंडरने विचारलं होतं, "घरात आणखी कुणाला चावलंय?"

"नाही," मी म्हणाले होते. खोटं बोलले नव्हते.

दत्तू बरा झाला. गावात मी गूळ वाटला. त्यानंतर महिन्याभराने शकू गुडघा खाजवू लागली. जखम कधीच भरली होती, तरी म्हणायची, "आये, हितं मुंग्या येत्यात." मी खोबरेल लावलं. मग ताप आला, झोप उडाली. वाऱ्याची झुळूक लागली तरी दचकायची. दूध प्यायली नाही, तेव्हा मला वाटलं लाड करतेय. मी तिला रागावले. ते रागावणं मला अजून गिळता येत नाही.

दवाखान्यात ती दोन दिवस होती. मधूनच अगदी शुद्धीवर यायची, तहान लागली म्हणायची, आणि पेला बघून किंचाळायची. मी ओला बोळा ओठांना लावायला गेले, तर तेही तिला सोसवेना. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. डॉक्टर माझ्याशेजारी बसले. "तुम्ही मुद्दाम केलं नाहीत," एवढंच म्हणाले. मला शब्दाने टोचलं नाही, हे त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

पुढच्या वर्षी आमच्या आळीतल्या एका पोराला पिसाळलेला कोल्हा चावला. त्याच्या आईला पुणं ठाऊक नव्हतं, म्हणून मी सोबत गेले. त्याच बाकावर बसले. शेजारी एक बाई होती. तिच्या मोठ्या मुलाच्या पोटरीला फडकं बांधलेलं, आणि कडेवर एक लहानगा, अंगठा चोखत. त्याच्या घोट्याला ओरखडा होता.

मी विचारलं, "बाई, ह्याला कुत्र्यानं चाटलंय का?"

"चाटलंय की. घरचाच हाय त्यो. पर चावला न्हाई ह्याला."

मी तिचा हात धरला आणि तिला आत नेलं. कंपाउंडर तोच होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग त्या घोट्याकडे, आणि दुसरी सुई उकळायला टाकली. घोटा साबणाने धुऊन घेतला.

ते पोर फार रडलं. त्याची आई मला शिव्या घालत होती, "कशाला सांगितलंस गं, बारकं लेकरू माजं!" मी बाकावर बसून ते रडणं शेवटपर्यंत ऐकलं. माझ्या शकूने असं चौदा दिवस रडायला हवं होतं.