शेलारच्या मांडवातला तह

भिवंडीतल्या एका कॉलेजात मी युरोपचा इतिहास शिकवतो. वर्गाच्या खिडकीमागे कापडाचे पॉवरलूम चालतात, त्यामुळे युरोपातली सगळी युद्धं मला ओरडून शिकवावी लागतात, आणि खरं सांगायचं तर त्यात मला भारी मजा येते. मुलांना मी दरवर्षी सांगतो की तिथले राजे आधी लढले, मग दमून वाटाघाटींना बसले, आणि बसण्याआधीच भांडले, कारण दारातून आधी कोण आत शिरणार हे ठरेना. एका तहाच्या वेळी तर चारी बाजूंना दारं असलेली जागा उभारली, म्हणजे सगळे एकदम आत. मुलं खिदळतात. मीही खिदळायचो. मग माझं स्वतःचं लग्न ठरलं.

माझे दोन काका भिवंडीजवळच्या शेलार गावात एकाच आळीत राहतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. घरच्या जमिनीवर दोघांनी मिळून गोडाऊन बांधलं आणि बोर्डावर नाव आधी कुणाचं यावरून त्यांचं बिनसलं, ते बिनसलंच. बोर्ड अजून कोरा आहे. ट्रकवाले 'कोरे बोर्डवाला गोडाऊन' विचारत येतात आणि बरोबर पोचतात. पण माझे बाबा गेल्यावर याच दोघांनी मला वाढवलं, शाळा एकानं बघितली, कॉलेज दुसऱ्यानं. आई तेव्हापासून कुणाच्याही हळदीत नाचलेली नाही. मांडवाच्या खांबाला टेकून टाळ्या वाजवते, तेवढंच. लग्न ठरल्यावर तिनं एकच अट घातली. म्हणाली, "माझे दोगव दीर मांडवान येऊन हलद लावतील, तवाच माझे पोराचा लगीन."

आईचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पण मी घाबरलो नाही, उलट मला चेवच चढला. हा तर आपल्या विषयातला प्रश्न. युरोपात तहाच्या प्रती निरनिराळ्या काढायचे, ज्याची प्रत त्याचं नाव आधी. मी पत्रिका दोन तऱ्हेच्या छापल्या. एकीत मोठ्या काकांचं नाव वर, ती त्यांच्या पाहुण्यांना. दुसरीत धाकट्यांचं वर, ती त्यांच्या पाहुण्यांना. माझी होणारी बायको आमच्याच कॉलेजात साहित्य शिकवते. तिचं घर निजामपुऱ्याजवळ, पिढ्यान्‌पिढ्या कारकुनी करणाऱ्यांचं. तिनं दोन्ही पत्रिका शेजारी शेजारी ठेवल्या आणि विचारलं, "तुझ्या राजांच्या गावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता का रे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही पत्रिका गावच्या ग्रुपवर. त्यातही एक वर, एक खाली. धाकट्या काकांना आपली खाली का, याचा राग आला. मोठ्या काकांना दुसरी निघालीच कशी, याचा. दोघांनीही निरोप धाडला, हळदीला येणार नाही. तहाच्या बाबतीत निदान इतकं तरी एकमत झालं.

मग मी मांडववाल्याला गाठून मांडवाला दोन दारं ठेवायला लावली, समोरासमोर. दोन्ही घरी जाऊन पाया पडलो. बेंजोवाल्यानं ठेका धरला की दोघांनी एकाच वेळी आत यायचं, हे कबूल करून घेतलं. इकडे चहा, तिकडे चहा. हळदीच्या सकाळी मी आरशात बघून स्वतःलाच मुजरा केला.

आणि तेवढ्यात धवलारिणी आल्या. आमच्याकडे लग्नात धवले गाणाऱ्या या दोघी जावा. हळदीला त्या घरातल्यांची नावं गाण्यात गुंफतात, आणि ज्याचं नाव येईल त्यानं उठून नवऱ्या मुलाला हळद लावायची, अशी आमच्या घरची रीत. मी घाबरत विचारलं, काकांची नावं एकत्र घेता येतील का. थोरली म्हणाली, "गाण्यान नावा एकापाठी एकच येतान, पोरा."

मी हळदीसाठी मांडलेल्या पाटावर जाऊन बसलो. वर्गात मीच सांगतो की सही कागदावर होते, पण गाणी तह मानत नाहीत. कवीनं आपल्या राजाला आधी गायलं की पुढच्या पिढीची पोरं तेच गाणं म्हणत पुन्हा लढायला निघतात. आता आमच्या घरात तेच होणार, उद्याचं लग्न मोडणार. मी होणाऱ्या बायकोला फोन लावला आणि सगळं एका दमात सांगितलं. तिनं शांतपणे विचारलं, "गाणाऱ्या किती?"

"दोघी."

"आणि काका?"

मी पाटावरून उडालोच. धवलारिणींना जाऊन सांगितलं तेव्हा थोरली मला "लबाड हायस" म्हणाली आणि धाकटीला कोपरानं ढोसून हसायला लागली.

बेंजो वाजला, काका दोन दारांतून आले आणि माझ्या दोन बाजूंना तोंडं फिरवून बसले. धवले सुरू झाले. देवांची नावं झाली, आजोबांचं झालं, बाबांचं झालं. मग दोघींनी खच्चून, एकाच दमात, एकीनं एक आणि दुसरीनं दुसरं नाव घेतलं. नुसता कालवा. मांडवात कुणालाच काही कळलं नाही. दोन्ही काका हळदीनं भरलेला हात वर धरून अर्धवट उठले आणि तसेच थांबले.

शेवटी मोठे काका माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत म्हणाले, "मना काय आयकू न्हाय आला. तुना आला?"

धाकटे म्हणाले, "मना पन न्हाय, दादा."

मग दोन गालांवर दोन हात एकदम पडले. इतक्या जोरात की माझे कान वाजले. आनंदानं मला वेड लागायची पाळी आली होती. उरलेली हळद त्यांनी एकमेकांच्या तोंडाला फासली आणि बेंजोसमोर जाऊन पुन्हा वाद सुरू केला. "तू नाच पयले." "न्हाय, तू मोठा हायस, तू पयले." दोघंही जागचे हलेनात, आणि बेंजोवाला बिचारा तोच ठेका धरून बसला.

तेव्हा आईनं खांब सोडला. पदर खोचत ती दोघांच्या मधे गेली आणि म्हणाली, "सरका दोगव. पयली मी नाचनार."