हन्नाबाईंचा शनिवार

हन्नाबाई गेल्या तेव्हा मिरजेहून फोन आला तो शंकररावांचा. शंकरराव म्हणजे त्यांचे शेजारी, मूळचे पलूसकडचे, मिलिटरीतून रिटायर होऊन मिरजेत घर बांधलेले. माणूस सरळ मुद्द्यावर येतो. "ताई, बाई गेल्या," एवढं सांगून ते म्हणाले, "तुमच्यात परार्थनेला धा बापय लागत्यात म्हनं. आमच्या गल्लीत आमी धा जण हाय. चालंल का?" मला रडायचं होतं, पण त्या प्रश्नानं रडणं बाजूलाच राहिलं. मेलेल्या माणसासाठी आमच्यात जी प्रार्थना म्हणतात तिला दहा यहुदी पुरुष हजर लागतात. मिरजेत आता एकही उरलेला नाही. मी त्यांना सांगितलं, "दादा, धर्माप्रमाणे चालत नाही, पण तुम्ही या." मिरजेला आमचं कबरस्तान नाही म्हणून बाईंना पुण्याला आणलं. तिथं आमची दहा-बारा माणसं गोळा झाली, प्रार्थना झाली, आणि त्यांच्या मागं गल्लीतली ती सगळी मंडळी डोक्याला रुमाल बांधून उभी होती. रुमाल बांधायचा हे त्यांना कुणी सांगितलं कुणास ठाऊक. हन्नाबाईंनीच कधीतरी सांगून ठेवलं असणार. त्यांना शिकवल्याशिवाय राहवत नसे.

आम्ही बेने इस्राएल, मराठी बोलणारे यहुदी. हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा म्हटलंय की त्याचं एक ध्वनिमुद्रण करून ठेवायला हवं होतं. सांगली-मिरजेच्या बाजूला नवीन माणूस भेटला की नावानंतर दुसरा प्रश्न ठरलेला, "म्हणजे तुम्ही कुणापैकी?" ख्रिश्चन का? नाही. मुसलमान? नाही. मग घरात मराठी कसं बोलता, आणि साडी कशी नेसता? कोकणातल्या जुन्या लोकांना आम्ही 'शनवार तेली' म्हणून तरी माहीत होतो, शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली. घाटावर तेही नाही. हन्नाबाईंचं लहानपण तर साताऱ्यात गेलं, आणि तिथं आमच्यापैकी त्यांचं एकच घर होतं. वडील शिकवतील तेवढाच धर्म. सणाच्या दिवशी सांगायला, विचारायला, भांडायला दुसरं कुणी नाही. "एकट्यानं देव मानणं फार अवघड असतं गं," त्या म्हणायच्या, "आपण बरोबर करतोय का चूक, ते कळतच नाही." लग्न होऊन त्या मिरजेला आल्या. यजमान सॅम्सनकाका रेल्वेत गार्ड. बाई नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका. मूलबाळ झालं नाही. मिरज जंक्शनमुळे रेल्वेत नोकरीला असलेली आमची तीन-चार कुटुंबं तेव्हा तिथं होती, त्यातलं एक आमचं. आणखी एक सांगलीला. एवढ्या घरांत मिळून मुलं पाच. सत्तरच्या सुमाराला बाईंनी या पाच मुलांची शाळा काढली, आपल्या घराच्या पुढच्या खोलीत.

शाळा शुक्रवारी दुपारी सुरू व्हायची. सांगलीची दोन भावंडं शुक्रवारी एस.टी.नं यायची आणि रविवारी सकाळी परत जायची, कारण शनिवारी गाडीत बसायचं नाही. त्यामुळे बाईंचं घर शुक्रवारी लग्नघरासारखं भरलेलं असायचं. आमचा शनिवार शुक्रवारी ऊन मावळलं की सुरू होतो, म्हणून दिवे लावायच्या आत सगळ्यांच्या आंघोळी, वेण्या, मग काळ्या मनुका भिजवून पिळून काढलेल्या पाण्याचा प्याला हातोहात फिरायचा. प्रार्थनेला खरी द्राक्षाची दारू लागते, पण ती कुठून आणायची, आणि आणली असती तर गल्लीत काय म्हणाले असते! हिब्रू अक्षरं शिकायला सुरुवात झाली तो दिवस मला चांगला आठवतो. पहिलं अक्षर मुलाला गोड लागलं पाहिजे अशी आमच्यात जुनी पद्धत आहे. त्याला मध वापरतात. बाईंच्या घरी मध नव्हता, इस्लामपूरहून कुणीतरी दिलेली काकवी होती. त्यांनी ज्वारीच्या भाकरीवर चमच्यानं काकवीचं 'अलेफ' काढलं आणि म्हणाल्या, आधी वाच, मग चाट. माझा धाकटा भाऊ एली वाचायच्या आतच अक्षर खाऊन मोकळा झाला. त्याला पुन्हा काढून दिलं. पुन्हा तेच. तिसऱ्या भाकरीला तो 'अलेफ' म्हणाला. आज इस्रायलात राहतो, हिब्रू फाडफाड बोलतो, पण अलेफ म्हटलं की तोंडाला काकवीची चव येते म्हणतो.

याच एलीनं एकदा घोळ घातला. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात, हे त्याच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं की नगरपालिकेच्या शाळेत, म्हणजे बाई नोकरी करायच्या त्याच शाळेत, शुद्धलेखनही त्यानं उजवीकडून लिहिलं. वर नाव टाकलं, 'लीए'. त्या वर्षी नवीन हेडमास्तर आले होते, नाईक गुरुजी, शिराळ्याचे. अंगानं धिप्पाड, गावची भाषा काही सुटलेली नव्हती. त्यांनी भर वर्गात पाटी वर धरून विचारलं, "ह्यो कोन लीए?" एली उभा राहिला. तेव्हापासून शाळा सुटेपर्यंत गुरुजींच्या तोंडी तो लीएच राहिला. बाईंनी घरी आल्यावर त्याला एक गोष्ट नीट समजावून सांगितली, की देवाची भाषा एका बाजूनं येते आणि मराठी दुसऱ्या बाजूनं, मधे कुठंतरी भेटतात, पण पाटीवर भेटवायच्या नाहीत.

शनिवारचा प्रश्न मात्र असा हसून सुटणारा नव्हता. नगरपालिकेची शाळा शनिवारी सकाळची असायची आणि बाईंना कामावर जावंच लागायचं. ही त्यांची कायमची बोच होती. त्यांनी आपल्यापुरता तोडगा काढला होता. शनिवारी खडूला हात लावायचा नाही. त्या दिवशी त्यांच्या वर्गात पाढे, कविता, तोंडी हिशेब, कवायत. मुलांना याची इतकी सवय झाली होती की शुक्रवारी फळा भरून गेला तर "बाई, उद्या वाचायला" म्हणून पुसू देत नसत. आम्हा पाचांना त्यांनी शिकवलं होतं की शनिवारी लिहायचं नाही. का नाही, तर सहा दिवस माणूस काहीतरी बनवत असतो, सातव्या दिवशी हात आवरायचे आणि जे बनलंय ते बघायचं. मी इतरांपेक्षा मोठी, मला ते पटलं होतं. शनिवारी सकाळी दप्तर न घेता शाळेत जाताना मला मोठी ऐट वाटायची.

मी सातवीत असताना वार्षिक परीक्षेच्या मधे एक सुट्टी जाहीर झाली आणि गणिताचा पेपर सरकून शनिवारी आला. घरी दोन दिवस दुसरा विषय नव्हता. पेपर दिला नाही तर वर्ष जाणार होतं, आणि आमच्या घरात मुलीचं एक वर्ष गेलं तर पुढची शाळाच बंद व्हायची शक्यता होती. माझ्या चुलतबहिणीचं तसंच झालं होतं. वडील तसे देवभोळे, पण म्हणाले, "मुकाट्यानं लिहून ये. देव नापास करत नाही, हेडमास्तर करतो." मी बाईंकडे गेले. मला वाटलं होतं त्या एकतर लिही म्हणतील नाहीतर नको म्हणतील, आणि काहीही म्हणाल्या तरी माझ्या डोक्यावरचं ओझं उतरेल. त्या तांदूळ निवडत होत्या.

"मी सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या सांगण्यानं केलंस तर तो माझा शनिवार होईल, तुझा नाही. माझा माझ्यापाशी आहे."

मला त्यांचा फार राग आला. बारा वर्षांच्या मुलीवर एवढं टाकायचं असतं का? आज मीही दोन मुलं वाढवल्यावर सांगते, टाकायचं असतं, पण त्या दिवशी मी पाय आपटत घरी आले.

शनिवारी मी पेपरला बसले. प्रश्नपत्रिका वाचली, सगळी गणितं येत होती. तेच जास्त वाईट होतं. पेन कंपासपेटीत होतं. मी पेटी उघडली नाही. हातच उचलेना, आणि त्यात काही शूरपणा नव्हता, मला रडू येत होतं. पर्यवेक्षक बाईंनी दोनदा दटावलं आणि मग गुरुजींना बोलावून आणलं. "का गं, लिहीनास का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "शनिवार आहे." एवढंच. पुढचं स्पष्टीकरण सगळं पाठ होतं, पण तोंडातून आलं नाही. गुरुजींनी शेजारच्या वर्गावरून हन्नाबाईंना बोलावलं. मला वाटलं आता त्यांनाही बोलणी बसणार.

"बाई," गुरुजी म्हणाले, "आमच्या शिराळ्यात नागपंचमीला आमची आई विळीला हात लावत न्हाई. चिरायचं न्हाई, कापायचं न्हाई, तवा ठेवायचा न्हाई. आजवर घरात कुनी का म्हनून इचारलं न्हाई. मग ह्या पोरीला मी कशाला इचारू?" आणि त्यांनी खुर्ची ओढून माझ्या बाकाशी बसत माझी उत्तरपत्रिका आपल्याकडे घेतली. "तू सांग, मी लिवतो."

इथं आणखी एक अडचण होती, आणि ती बाईंनाच दिसली. आपल्याला मना असलेलं काम शनिवारी दुसऱ्याला सांगून करून घेणंही आमच्यात बसत नाही. बाईंनी चाचरत ते सांगितलं. दुसरा कुणी असता तर उठून गेला असता. गुरुजींनी टोपण काढलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मग मला लिवा म्हनू नगंस. तू आपली गनितं मोठ्यानं बोल. मी माझ्या मनानं लिवत बसतो. हेडमास्तरला कोन अडवतंय?"

मी बोलत गेले, ते लिहीत गेले. बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या आणि पदराचं टोक डोळ्याला लावत होत्या. मी पास झाले. गणिताच्या मास्तरांनी मात्र 'अक्षर गचाळ' असा शेरा मारून दोन गुण कापले, आणि गुरुजी ते गुण परत मागायला काही गेले नाहीत. पेपरच्याच दिवशी संध्याकाळी तीन चांदण्या दिसल्यावर, म्हणजे शनिवार संपल्यावर, बाईंनी मला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "खरं सांगू? मला वाटलं होतं तू लिहिशील. मी रागावणार नव्हते."

सत्तरचं दशक सरत आलं तसं एकेक घर रिकामं होत गेलं. कुणी मुंबईला, बरेचसे इस्रायलला. सांगलीची भावंडं गेली, मग एली गेला. त्याच्या पहिल्या पत्रात लिहिलं होतं की इथं शनिवारी बसच बंद, दुकानं बंद, त्यामुळे शनिवार पाळायला आपण काही करावंच लागत नाही, जरा चुकल्यासारखं होतं. बाईंनी ते पत्र वाचून खूप हसून घेतलं. मी सांगलीला कॉलेजात होते आणि शुक्रवारी मिरजेला त्यांच्याकडे जायची, एकटीच विद्यार्थिनी. असंच एकदा शनिवारी सकाळी त्यांच्या पोटात भयंकर दुखायला लागलं. काका गाडी घेऊन ड्यूटीवर गेलेले. शंकरराव आणि मी त्यांना इस्पितळात नेलं. आतड्याला पीळ पडला होता, लगेच ऑपरेशन करायला हवं होतं. नर्स कागद घेऊन आली आणि नातेवाईक कोण म्हणून विचारलं. बाईंनी माझ्याकडे बोट केलं. "मुलगी का?" नर्सनं विचारलं. बाई म्हणाल्या, "हो."

माझ्या हातात पेन आलं आणि पुन्हा तेच झालं. हात उचलेना. इतक्या वर्षांची सवय, डोक्याला कळत होतं पण बोटांना कळत नव्हतं. बाई वेदनेनं कळवळत होत्या, तरी त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"लिही," त्या म्हणाल्या. "जीव वाचवायला शनिवार मोडला तर तो मोडत नाही. शिकवलं होतं ना... का नुसतंच पाठ केलंस?"

मी सही केली. त्यांनी मला काय करायचं हे सांगितलं ते आयुष्यात त्या एकदाच. नंतर बऱ्या झाल्यावर म्हणाल्या, सही वाकडी आली होती, गुरुजींचं अक्षर लागलंय तुला. त्यानंतर त्या पुष्कळ वर्षं जगल्या, रिटायर झाल्या, काका गेले, पण मिरज सोडली नाही. इस्रायलला चला म्हणून एली दर वर्षी मागं लागायचा. त्या म्हणायच्या, तिथं शनिवार सांभाळायला सगळं सरकार आहे, मिरजेत मीच आहे.

मी आता पुण्यात एकटी राहते. मुलं दूर आहेत, यजमान नाहीत. मी काही फार धार्मिक बाई नाही. कितीतरी नियम सुटले, काही मी सोडले, आणि बाईंना ते माहीत होतं. त्यांनी कधी विचारलं नाही. हा लेख लिहायला मी आज शुक्रवारी दुपारी बसले. अजून त्यांची खिचडी सांगायची राहिली, त्यांचं कोकणी वळणाच्या मराठीतलं भांडण राहिलं, नाईक गुरुजींच्या आईसाठी त्या नागपंचमीला न चिरता शिजवलेली भाजी घेऊन गेल्या होत्या तीही गोष्ट राहिली... पण समोरच्या गच्चीवरून ऊन उतरलंय. घरात कुणी नाही. अर्धा तास जास्त लिहिलं तर कुणाला कळणार आहे?

पेनाला टोपण लावते. हा शनिवार माझा आहे.