दिसायला साधी, पण गुणाची

उखाणे लिहून देणारी बाई अशी माझी ओळख मंचरमध्ये कुणी करून दिली, हे मला आजतागायत कळलेलं नाही. मी शाळेत मराठी शिकवते, एवढाच माझा गुन्हा. लग्नसराई लागली की भाजी घेताना, बँकेत, एसटी स्टँडवर कुणीतरी गाठतंच आणि म्हणतं, मॅडम, नाव घ्यायचंय, दोन ओळी द्या ना. आताशा नुसत्या उखाण्यावर भागत नाही. लग्नाआधी प्रीवेडिंग नावाचं एक शूटिंग असतं. त्यात नवरा-नवरी डिंभ्याच्या धरणाकाठी हात पसरून पळतात, डोक्यावर ड्रोन घोंघावतो आणि मागून नवऱ्याच्या आवाजात प्रेमाची कविता ऐकू येते. ती कविता मी लिहायची. फुकट, अर्थात. वर चहासुद्धा माझ्याच घरचा.

बरं, मागणी काय, तर डोळे हरणाचे, नाक चाफेकळी आणि रंग गोरा. मी मुलाला विचारते, अरे, ती रागावली की काय करते, हसते कशाला, तुला तिच्यातलं आवडलं काय, दोन गोष्टी सांग. तो मान खाली घालून मोबाईल काढतो आणि फोटो दाखवतो. फोटोला आधीच इतकं पॉलिश मारलेलं असतं की खुद्द तिच्या आईला ओळखू यायची नाही. मग म्हणतो, मॅडम, तुम्हीच टाका काहीतरी चांगलं. जळ्ळं मेलं ते चांगलं! आमच्या जुन्नर-आंबेगावच्या उन्हात शेतात राबणाऱ्या मुली, निम्म्याहून जास्त सावळ्या, पण कवितेत शिरली की जी ती दुधात न्हाऊन निघते. डोकं फिरायची वेळ येते. तरी मी लिहून देते, कारण नाही म्हटलं तर त्या मुलाची आई आठवडाभर माझ्याशी बोलत नाही, आणि ती नेमकी माझ्या शेजारीच राहत असते.

हे सगळं मी सहन करत आले. पण माझ्या सख्ख्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलं आणि माझा ताबा सुटला.

भावाची शेती डिंभ्याच्या खाली, घोड नदीच्या काठाला. ही त्याची एकुलती मुलगी. रंगानं चांगलीच काळी, हाडापेरानं मोठी, आवाज असा की पलीकडच्या बांधावरचा माणूस वळून बघेल. टेम्पो चालवते, म्हशींच्या धारा काढते, बापाबरोबर बेल्ह्याच्या जनावरांच्या बाजाराला जाते. स्थळं यायची, पोहे खायची, कळवतो म्हणायची आणि कळवायची नाहीत. घरात कुणी तिच्यासमोर काही बोलत नसे, पण ती काय आंधळी होती का? शेवटी बेल्ह्याकडचं एक स्थळ आलं. शेती आणि जोडीला बैलांचा व्यापार. मुलगा शांत, खाली मान घालून बसलेला. त्याच्या आईनं दूध किती वेळात काढतेस, गोठा कोण झाडतं, एवढंच विचारलं आणि होकार दिला. आम्हाला आनंद झाला. पाहुण्यांना फोन करताना आमच्या घरातला प्रत्येक जण एकच वाक्य म्हणत होता, मुलगी दिसायला साधी आहे, पण गुणाची आहे. मीही म्हणाले. त्यात वावगं काय होतं?

मग झालं ते शूटिंग. फोटोग्राफरनं नमुना म्हणून एक तुकडा तिला पाठवला आणि तिनं तो माझ्या घरी येऊन दाखवला. मी बघतच राहिले. मेकअपवालीनं पोरीचं तोंड तांदळाच्या पिठात बुडवून काढल्यागत केलं होतं. हात मात्र तिचे स्वतःचे. मागून फोटोग्राफरची ठेवणीतली कविता, तुझ्या गोऱ्या मुखड्यापुढं चंद्र फिका पडला वगैरे. ती कविता तो सगळ्यांनाच लावतो. मी म्हटलं, बंद कर ते आधी. नवऱ्या मुलाला तिथल्या तिथं फोन लावला आणि सांगितलं, हिची थट्टा मी चालू देणार नाही, कविता मी लिहिते, तू तुझ्या आवाजात म्हण. तो बिचारा म्हणाला, बरं आत्या.

अख्खा रविवार मी त्या कवितेला दिला. स्वयंपाक केला नाही, यजमानांना मिसळ आणायला पिटाळलं. रंगाचा, नाकाडोळ्यांचा उल्लेख करायचा नाही असं ठरवलं. तिचं मन, तिचे कष्ट, तिची समजूत एवढंच लिहायचं. ‘रूप चार दिवसांचं, गुण जन्माची शिदोरी’ अशी सुरुवात केली. आता शिदोरीला यमक शोधायला जावं तर पहिल्यांदा गोरीच पुढं येते! दातओठ खाऊन मी ती टाळली आणि दोरी घेतली. घराला बांधून ठेवणारी दोरी. कविता झाली तेव्हा मला वाटलं, एवढ्या वर्षांत निदान एका नवरीला मी न्याय दिला.

दुसऱ्या दिवशी भाची ब्लाऊज टाकायला मंचरला आली, ती माझ्याकडं जेवायला थांबली. स्वयंपाकघरात वाटाणे सोलत बसली होती. मी चष्मा लावला आणि कविता वाचून दाखवली. कष्टाळू, सोशिक, शांत, तोंडातून तक्रारीचा शब्द नाही, घराला धरून राहणारी. वाचता वाचता माझेच डोळे भरून आले. वर बघितलं तर पोरीचा हात थांबलेला.

“आत्या, ह्यात आपली म्हैस बी बसंल,” ती म्हणाली. “शांत हाय, कष्टाळू हाय, घर सोडून कुटं जात न्हाई. फकस्त दुधाचं तेवढं घाल.”

मला असा संताप आला म्हणता! रविवार घालवला मी. मी तिला ऐकवलं की रूपाचं काय घेऊन बसलीस, रूप आज आहे उद्या नाही, तुझ्यासारखी शहाणी मुलगी असं बोलायला लागली तर झालंच कल्याण. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मग मला बाजार समजावून सांगितला. बेल्ह्याच्या बाजारात बैल देखणा असला, तर मालक तोंड उघडत नाही. शिंगं, खांदा, वशिंड लोक आपले आपण बघतात. पण बैलात बघण्यासारखं काही नसलं, म्हणजे मालक आधी गुण सांगायला लागतो. गरीब आहे हो, पोरंसोरं हाताळतात, मारका नाही, कामाला वाघ. गिऱ्हाईक तेवढ्यावरून काय ते ओळखतं. ती स्वतः अशीच बोलून जनावरं विकत आली होती. आदल्या दिवाळीच्या आधी बापाचा म्हातारा बैल तिनंच बोलून बोलून खपवला होता, आणि त्याचा तिला फार अभिमान होता.

“समदी माझे आधी गुणच सांगत्यात,” ती म्हणाली. तिचा आवाज एरवी एवढा मोठा, तो कुठल्या कुठं गेला होता. “त्या घरात मला नेत्यात का माझं काम नेत्यात, येवढं मला कळू दे. मी त्यास्नी बोलावून इचारणार हाय. त्यांनी बी गुणच सांगितले तर मी बोहल्यावर न्हाई उभी ऱ्हायची.”

आता पत्रिका वाटून झालेल्या. कार्यालय ठरलेलं, आचारी ठरलेला, भावाला आधीच रक्तदाब. मी हात जोडले. म्हटलं, बाई, लग्नानंतर विचार, जन्म पडलाय विचारायला. ती ऐकेल तर शपथ. आमच्या घराण्याचा हेका आहे तो, कुणाला नावं ठेवणार! तिनं नवऱ्या मुलाला फोन लावला. आणि योग बघा, तो मुलगा कांदा घेऊन मंचरच्या मार्केटलाच आलेला. अर्ध्या तासात दारात हजर. पायाला माती, हातात वेफर्सचा पुडा. मी त्याला पाणी दिलं आणि स्वयंपाकघरात गेले. दार लोटलं. कान मात्र तिकडंच ठेवले, खोटं कशाला बोलू?

तिनं आडपडदा ठेवला नाही. तुम्हाला माझ्यात दिसलं काय, ते सांगा, एवढंच विचारलं.

“तू लई...” म्हणून तो अडला. मी ओट्याला धरून उभी होते आणि मनात म्हणत होते, बाबा रे, कष्टाळू म्हणू नकोस, काय वाट्टेल ते म्हण. गोरी म्हण हवं तर!

“आता कसं सांगू राव,” तो म्हणाला आणि बैलाचं काहीतरी बोलायला लागला. मी कपाळावर हात मारून घेतला. म्हटलं, मिटलं, हा इथंही धंदाच काढून बसला.

तर तो बोलत होता तिनं खपवलेल्या त्याच म्हाताऱ्या बैलाबद्दल. तो बैल यांच्याच घरानं घेतला होता. बाजाराच्या गर्दीत गिऱ्हाईकाचं तोंड हिच्या ध्यानात राहिलं नव्हतं आणि यानंही आजवर ओळख दिली नव्हती. बाजारात त्याचा बाप दुसरी जोडी बघायला पुढं गेला आणि याला सांगून गेला की दात बघ आणि मगच हो म्हण. दात बघितल्याशिवाय बैल घेणं म्हणजे आमच्याकडं शेंबडं पोरही करणार नाही असा वेडेपणा. वय सगळं दातांत कळतं. आणि याचं तर पिढीजात कामच ते. यानं दात न बघता हो म्हटलं. घरी नेऊन बापानं बैलाचं तोंड उघडलं तर दात पार झिजून बुडाला गेलेले. तेव्हापासून बाप याला येता-जाता आंधळा म्हणतो, आणि बाजारातले बाकीचे व्यापारी हसतात ते वेगळंच.

“म्हंजे मी येवढं बोलत व्हते, ते?” तिनं विचारलं.

“ऐकलंच न्हाई,” तो म्हणाला. “तू बोलताना तुझा वरचा ओठ डाव्या अंगाला वर जातो. मी तेच बघत व्हतो. बैलाकडं बघायचं ऱ्हाऊन गेलं.”

मग तिनं विचारलं की बैल आहे कुठं. तो म्हणाला, दावणीला. बाप विकून टाक म्हणतो, पण तो विकू देत नाही. महिनाभर तसाच काढला, मग धीर करून मामाला गाठलं आणि हे स्थळ सुचवायला लावलं. मामालाही खरं सांगितलं नव्हतं. आईला पटावं म्हणून गोठा आणि म्हशी पुढं केल्या. एवढं सांगून तो अजिजीनं म्हणाला की बापाला यातलं काही कळू देऊ नकोस, तो मला मंडपात मारील.

मी चहा घेऊन बाहेर गेले तर आमची वाघीण खाली बघत वेफर्सचा पुडा फोडत होती. तो मला म्हणाला, आत्या, कविता झाली का? मी म्हटलं, नाही झाली. आणि खरंच सांगते, त्या क्षणी मला त्याला मिठी मारावी वाटत होतं आणि दोन ठेवूनही द्याव्यात वाटत होतं. अरे, एवढं पोटात होतं तर त्या पिठाच्या तोंडाला आणि चंद्राला हो कशाला म्हणालास? विचारलंच मी. तर म्हणतो, फोटोग्राफर म्हणाला सगळे हेच घेतात.

लग्नात कार्यालयाच्या मोठ्या पडद्यावर तोच गोरा मुखडा आणि तोच फिका चंद्र दिवसभर चालला. मी चार वेळा सांगून आले, बंद करा. पॅकेजमध्ये आहे म्हणाले. बायका माझ्या कानाशी येऊन म्हणत होत्या, कविता छान लिहिलीत हो मॅडम. म्हणजे वर त्याचं खापरही माझ्याच डोक्यावर.

जेवणाची पंगत बसली. नवऱ्यानं नवरीला घास भरवायचा आणि नाव घ्यायचं. पोरींनी गलका केला. त्याचा मित्र मोबाईलवरचा उखाणा त्याच्यापुढं धरत होता, तो यानं बाजूला सारला. जिलेबीचा तुकडा हातात धरून उभा राहिला, एकदा समोर बसलेल्या बापाकडं बघितलं आणि म्हणाला,

“बेल्ह्याच्या बाजारात ध्यान नव्हतं दाताकडं...”

पुढं त्यानं तिचं नाव घेतलं, ते मी इथं लिहीत नाही, आणि म्हणाला,

“...बैल घेताना बघत व्हतो हिच्याच तोंडाकडं.”

पंगतीत निम्मे लोक बैलांचेच व्यापारी. एकेकाला उलगडा व्हायला लागला आणि हशा असा उसळला की वाढपी थांबले. त्याच्या बापाचा हात पानावरच राहिला. तो पोराकडं बघत म्हणाला, “म्हणून व्हय रं!” आणि मग वळून माझ्या भावाकडं बघितलं, कारण तो दात झिजलेला बैल कुणाचा, हे त्याला आत्ता उमगलं होतं. भावानं मठ्ठ्याची वाटी तोंडाला लावली ती खाली घेईचना.

आणि पोरगी हसली. तोंडात जिलेबी, हसू आवरेना, आणि तिचा वरचा ओठ डाव्या बाजूला वर गेला. देखणी दिसत होती हो, काळीभोर आणि देखणी. मी तिला पाळण्यात जोजवलंय, वेण्या घातल्यात, तिच्यावर अख्खी कविता लिहिलीय, आणि तो ओठ मी पहिल्यांदाच बघत होते.