रंगराव सरांचा डेन्मार्कचा वर्ग

जानेफळच्या शाळेतून रंगराव सर निवृत्त झाले तेव्हा इंग्रजी भाषा पोरकी झाली, असं गावात एकट्या रंगराव सरांनाच वाटलं. मुलांना सुटल्यासारखं झालं. सरांचं इंग्रजी म्हणजे ‘फ्रेजल व्हर्ब’. क्रियापद एकच, पण त्याला अप जोडा, इन जोडा, की अर्थ पालटतो. गिव्ह अप म्हणजे हार मानणं, गिव्ह इन म्हणजे नमतं घेणं. हे पाढ्यासारखं घोकून घ्यायचं आणि चुकेल त्याला बाकावर उभं करायचं. याला ते पद्धत म्हणत. या पद्धतीनं जानेफळात कुणाला इंग्रजी बोलता आलं, याची चौकशी कधी कुणी केली नाही, सरांनी तर मुळीच नाही.

बाकावर सगळ्यांत जास्त उभी राहिली ती त्यांचीच लेक, प्राची. लेकीला सूट दिली तर लोक काय म्हणतील, याची सरांना भारी काळजी. लेकीला काय वाटेल, हा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता. एकदा ‘पुट अप विथ’चा, म्हणजे सहन करण्याचा, अर्थ चुकला म्हणून ती शाळा सुटली तरी उभीच होती. सर तिला बस म्हणायचं विसरले आणि घरी येऊन चहा पीत बसले. शेवटी तिची आई, शालूबाई, शाळेत जाऊन तिला घेऊन आली.

प्राची शिकली, डेन्मार्कला नोकरीला गेली, तिथल्याच मुलाशी लग्न करून मोकळी झाली. फोन करते तो आईला. गावी कधी येतेस विचारलं की ‘बघू’ म्हणते. नातीला सरांनी मोबाइलच्या काचेतच काय ते पाहिलेलं. लोकांनी विचारलं तर सर म्हणत, तिला कामाचा व्याप फार आहे.

मागच्या उन्हाळ्यात मात्र प्राचीच्या सासूबाईंनी, इंगर त्यांचं नाव, भारतात यायचं मनावर घेतलं. इंग्रजी त्यांना नि त्यांच्या मैत्रिणींना यायचं, पण या फ्रेजल व्हर्बपाशी अडायचं. व्याह्यांकडूनच मोबाइलवर शिकू, तेवढीच ओळख होईल, असं म्हणून त्या हटून बसल्या. प्राचीनं बरेच दिवस टाळलं. मग आईला म्हणाली, “वर्ग नीट झाले तं दिवाळीले येतो आम्ही सगळे. पोरीले घेऊन.”

शालूबाईंनी ते जसंच्या तसं सरांना सांगितलं आणि वर बजावलं, “इहीनबाई हायेत त्या. मानानं बोलजा.”

सरांनी यातलं ‘वर्ग’ तेवढं ऐकलं. आपली कीर्ती थेट डेन्मार्कात पोचली, असं चौकात सांगून आले. वर इस्त्रीचा सदरा, खाली लुंगी, अशा थाटात मोबाइल डब्याला टेकवून ते शिकवायला बसले. गिव्ह अपसारखा जोड डॅनिश भाषेतही असल्यानं बाया पटापट उत्तरं देत, आणि सरांना वाटे ही आपल्या शिकवण्याची करामत. कुणी डॅनिशचं नाव काढलं की हात वर करून गप्प करत. उठून जाणं, खपवून घेणं, असे जोड आपल्या बोलीतही पैशाला पासरी आहेत, पण वऱ्हाडी म्हणजे सरांच्या लेखी गुरं हाकायची भाषा. प्राची पोरीला मांडीवर घेऊन सासूशेजारी गुमान बसलेली असे.

एका संध्याकाळी ‘पुट अप विथ’ आलं. इंगरबाई म्हणाल्या, सहन करण्याला आमच्यात ‘एखाद्या गोष्टीत स्वतःला सापडणं’ असं काहीसं म्हणतात. आणि हसल्या. बाकीच्या बायाही हसल्या.

वर्गात हसलेलं सरांना खपत नसे. सगळी शाळा त्यांच्या अंगात आली.

“यू,” ते इंगरबाईंना म्हणाले, “स्टँड अप ऑन द बेंच.”

शालूबाई हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात आल्या. इंगरबाईंना हा धड्याचाच भाग वाटला, त्या हसत उठू लागल्या. प्राचीनं पोरीला खाली ठेवलं, सासूच्या खांद्यावर हात ठेवून तिला बसवलं, आणि स्वतः खुर्चीवर चढून उभी राहिली. पडद्यावर तिचं तोंड दिसेना, नुसते पाय दिसत होते.

सरांना कळलं. इतक्या वर्षांनी कळलं, एवढी त्यांची हुशारी. त्यांनी तोंड उघडलं. ‘सिट डाउन’ पहिलीच्या पोरालाही येतं, सरांनी तर जन्मभर वर्गात रोज म्हटलं होतं. पण आता ते म्हणायचं म्हणजे आपलं चुकलं म्हणायचं, आणि तो धडा सरांनी कधी घेतलाच नव्हता. ते घसा खाकरत राहिले. पलीकडे पोर रडायला लागली.

शालूबाईंनी सरांच्या मागून वाकून मोबाइलपुढे तोंड आणलं.

“बस वं माय प्राची. उतर खाली.”

प्राची उतरली. पोरीला उचलून घेतलं, तिचे डोळे पुसले.

“आई, दिवाळीले आमचं येणं नाही होत. तूच ये इकडे. तिकीट मी काढतो तुयं.”

“आन् हे?” शालूबाईंनी विचारलं.

“बाबाले राहू दे. त्याइचा वर्ग हाये.”

शालूबाईंनी सरांकडे पाहिलं. ते अजून घसाच खाकरत होते.

“हाव,” त्या लेकीला म्हणाल्या, “येतो मी.”