चावून बघणारा मेहुणा

शाळेच्या वळणावर दाणेवाल्यांची भट्टी. कढईतली वाळू तापायच्या आधी गप्पा तापलेल्या असत. कुणी विचारी, "शेंगा फांदीला लागतात की मुळाला?" दाणेवाले झारा थांबवून सांगत, "फूल वर येतं, मग त्याचा देठ मान खाली घालून मातीत शिरतो, तिथं शेंग धरते. लाजाळू जात हो." निवृत्त मास्तरीणबाई रोजच्या गिऱ्हाईक, त्यांचं आपलं वेगळंच.

"शेंग ती, दाणा तो, टरफल ते. एका घरात तीन लिंगं, तरी भांडण नाही बघा."

"भांडायला फुरसत कुठं बाई, सगळीच भाजून निघतात."

आता खरी गोष्ट. मागच्या तापात दाणेवाल्यांची चव गेली, वास गेला, ती दोन्ही काही परतली नाहीत. तोंडात साखर घाला नाहीतर माती, सगळं सारखंच. घराबाहेर हे कळू दिलं नव्हतं. भट्टीवाल्याची जीभ गेली म्हटल्यावर दाणे कोण घेणार? मदतीला होता मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. घाणा उतरला की तो एक दाणा चावी, "दाजी, फर्स्टक्लास" म्हणे, आणि मगच पुड्या बांधायच्या.

एके दिवशी बाईंनी कालची पुडी फळीवर परत ठेवली.

"आज व्याकरण नाही बाई?"

"आज साधाच प्रश्न. दाणे खवट कशानं होतात?"

सवयीनं उत्तर आलं, "सोलून उघड्यावर पडले, जुने झाले, की आतलं तेल..." आणि दाणेवाले मधेच थांबले. त्यांनी मेहुण्याकडे पाहिलं. मेहुणा चाळणीकडे बघत होता.

"मागचं पोतं उरलं होतं, थोडं थोडं मिसळलं," तो पुटपुटला. "तुम्हाला कुठं कळणार होतं, दाजी?"

झारा वाळूत रुतला तो रुतलाच. खवट दाणे उकिरड्यावर टाकता आले असते. हे वाक्य कुठं टाकायचं? जी जीभ आपली मानली, तीच हे बोलली होती.

त्यांनी नवं पोतं फोडलं, घाणा भाजला. मेहुण्यानं सवयीनं एक दाणा चावला. "दाजी, हा खरंच चांगला आहे."

असेलही. दाणेवाल्यांनी दुसरा दाणा उचलून बाईंपुढे धरला.

"मला चव कळत नाही बाई. जरा चावून सांगता?"